हौशीरामाची इर्जिक

निमगाव साव्यात कुणाच्या घरी काम निघालं, की हौशीराम तिथं न बोलावता हजर. लग्नाचा मांडव असो, विहिरीत अडकलेली मोटर असो, नाहीतर अडलेली गाय असो, घरच्या माणसाआधी ह्याच्या बाह्या वर सरकलेल्या असायच्या. जेवायला थांब म्हटलं तर "घरी केलंय" म्हणायचा, आणि घरी जाऊन "तिकडंच जेवलो" म्हणायचा. त्याची बायको धोंडाबाई हे सगळं ओळखून होती. ती मुकाट्यानं तवा चढवायची आणि तव्याशीच बोलावं तसं म्हणायची, "गावाला मानूस मिळालंय फुकटचं. आमाला कवा मिळायचं?"

त्याच्या तरण्या वयात गावात इर्जिक असायची. कुणाच्या घरात आजारपण आलं आणि रान नांगरायचं राहिलं, की सगळ्यांनी आपापले बैल, आपापले नांगर घेऊन त्याच्या वावरात उतरायचं आणि एका दिवसात रान उलटंपालटं करून मोकळं व्हायचं. मजुरी नाही. त्या घरानं सगळ्यांना जेवायला घालायचं, एवढाच व्यवहार. पुढं ट्रॅक्टर आले, बैल गेले, त्यांच्यामागून इर्जिकही गेली. हौशीराम मात्र एकटाच इर्जिक असल्यासारखा गावभर फिरत राहिला. साठी जवळ आली तरी खोड गेली नाही.

शेवटी त्या खोडीनंच त्याला पाडलं. चिमाजी म्हणजे त्याचा लंगोटीयार. त्याच्या गोठ्यावर पत्रे टाकायचे होते. हौशीराम वर चढला, ओल्या वाशावरून पाय सरकला आणि खाली दगडी गव्हाणीवर आदळला. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली, हातात काठी आली. जड उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, वर चढायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हौशीराम ज्याला जगणं म्हणत होता, ते सगळंच त्यात आलं.

गावानं काही कमी केलं नाही. कुणी भाजी आणून द्यायचं, कुणी दळण करून आणायचं. चिमाजी रोज सकाळी दुधाची किटली घेऊन यायचा, ओट्यावर ठेवायचा आणि हौशीरामाच्या डोळ्याला डोळा न देता परत फिरायचा. आणि हौशीराम? त्याला ह्या सगळ्याची मेल्याहून मेल्यासारखी शरम वाटायची. जन्मभर ह्या माणसानं दिलं होतं, घ्यायचं कसं हे तो शिकलाच नव्हता. मुलगा सुदर्शन चाकणला कंपनीत कामाला. तो मागेल तेवढे पैसे पाठवायला तयार होता, पण मागायची वेळ आली की हा गडी दुखण्याच्या गोळ्याच चुकवायचा. विचारलं तर म्हणायचा, "आज काय दुखत न्हाई." आणि रात्रभर कूस बदलत राहायचा.

घरीच राहणाऱ्या सुनेच्या, श्रेयाच्या, हे लक्षात आलं. एक दिवस सासरा ओट्यावर खुर्ची टाकून वासरासाठी चऱ्हाट वळत बसला होता. पायाच्या अंगठ्यात दोर अडकवायची सोय उरली नव्हती, म्हणून त्यानं दोराचं टोक खांबाला बांधलं होतं. वळता वळता नेहमीसारखी एकट्याशीच बडबड चालली होती. श्रेयानं गुपचूप मोबाईल धरला आणि तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. दोन दिवसांनी तिनं त्याला व्हिडिओखाली आलेलं एक वाक्य वाचून दाखवलं. कुणीतरी ठाण्याहून लिहिलं होतं, "माझे वडील असंच वळायचे. हात अगदी तसेच आहेत."

"पुन्ना वाच," हौशीराम म्हणाला. तिनं पुन्हा वाचलं. त्या माणसाचं नाव काय, त्याचे वडील आहेत का गेले, हेही त्यानं विचारलं. ते तिला तरी कुठून ठाऊक असणार!

असं ते 'हौशीनानाची कामं' नावाचं चॅनेल सुरू झालं. पाभरीनं पेरताना मूठ कशी सोडायची, कांद्याच्या चाळीला वारा कसा खेळता ठेवायचा, बांधाचा दगड कुठल्या अंगावर बसवायचा. हातानं करता येईना ते हा माणूस तोंडानं करू लागला. श्रेया धरायची, हा बोलायचा. स्टँडवरच्या मोबाईलच्या दुकानातला पप्पू फुकटचा सल्लागार झाला. "नाना, नुसत्या चऱ्हाटानं व्ह्यू येत न्हाईत. वरच्या फोटोत बिबट्या टाका. जुन्नरचा बिबट्या म्हनलं की जग बघतंय."

"बिबट्या काय चऱ्हाट वळतूय का?" हौशीराम म्हणाला आणि विषय संपला.

पैशाची भानगड त्याला श्रेयानं समजावून दिली. बघणारे पुरेसे झाले, व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीनं चॅनेल तपासलं, घरचा पत्ता खरा आहे का ते बघायला पोस्टानं एक आकडा आला, तो भरला, आणि मग व्हिडिओवर जाहिराती लागू लागल्या.

"म्हंजी आठवडे बाजारासारखं," हौशीरामानं मान डोलावली. "मानसं माझ्या पालावर येत्यात. माझ्या पालावर दुसऱ्यानं आपल्या मालाची पाटी लावली. ती लावू दिली म्हनून त्यातला वाटा मला."

"बरोबर, मामा. पण माणूस थांबला पाहिजे. आला आणि लगेच गेला, तर हातात काही पडत नाही."

त्याचा अनुभवही आला. शेजारच्या गेणभाऊकडं उरलेल्या एकुलत्या बैलाला शिंक आली तो एवढासा तुकडा श्रेयानं टाकला होता, तो लाखांनी पाहिला आणि त्यातून चहापुरते पैसे आले नाहीत. चऱ्हाटाचा व्हिडिओ त्यामानानं थोड्यांनी पाहिला, पण शेवटपर्यंत पाहिला, आणि कमाई झाली ती त्याचीच. ह्या न्यायावर हौशीराम बेहद्द खूश होता. "शिंकंला गर्दी लई, पन मोल कामालाच हाय," असं तो भेटेल त्याला सांगायचा.

पहिले पैसे खात्यात आले त्या दिवशी काठी टेकत तो एसटीनं नारायणगावला गेला आणि महिन्याच्या गोळ्या स्वतः घेऊन आला. सुदर्शनला फोन करून म्हणाला, "ह्या महिन्याचं औषीद म्या आनलंय. तू पाठवू नगं." पलीकडं पोरगा काहीतरी बोलत होता, पण ह्यानं ऐकून न घेताच फोन ठेवला. त्या महिन्यात त्यानं एकही गोळी चुकवली नाही. धोंडाबाईच्या जिवाला केवढं बरं वाटलं असेल! व्ह्यू, चॅनेल हे तिला काही कळत नव्हतं, पण नवरा रात्री निवांत झोपतोय हे कळत होतं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नेमकं तेव्हाच गावाला त्याच्यासाठी काहीतरी करायची हुक्की आली.

पप्पूनं चिमाजीला सांगितलं की जाहिरात नुसती बघण्यापेक्षा तिच्यावर बोट दाबलं, तर नानाला जास्त मिळतं. चिमाजीला एवढंच हवं होतं. गोठ्याचे पत्रे दिसले की त्या माणसाला जेवण जात नव्हतं. ह्या उपकाराची, नव्हे ह्या पापाची फेड कशी करायची, ह्या विचारानं तो वर्षभर कुढत होता. तो घरोघर फिरला.

रविवारी सकाळी दोघंजण हौशीरामाला हाताला धरून मारुतीच्या देवळात घेऊन गेले. श्रेया माहेरी, कळंबला गेलेली. सभामंडपात बघतो तर अख्खं गाव मांडी घालून बसलेलं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि सगळ्या मोबाईलमधून ह्याचाच आवाज मागंपुढं "राम राम मंडळी, राम राम मंडळी" करतोय. चिमाजी मधोमध उभा राहून नांगरटीला लावावं तसं माणसांना कामाला लावत होता. "जाहिरात आली की दाबायची. मागं यायचं. पुढचा लावायचा. मधी कुनी थांबू नका, नांगराचं तास मोडंल!"

"हे काय रं?" हौशीरामानं विचारलं.

"तुझी इर्जिक," चिमाजी म्हणाला. "आता नांगर न्हाईत, बैल न्हाईत. बोटं हायेत, ती आनली."

हौशीरामाच्या डोळ्यांत पाणी आलं. किती जणांच्या रानात तो उतरला होता, त्याच्या रानात उतरायची वेळ मात्र त्यानं कुणावर येऊ दिली नव्हती. तो काठीवर रेलून नुसता बघत राहिला. मग एकदम भानावर येऊन त्यानं घरी निरोप पाठवला, की इर्जिकीचं जेवण करा. धोंडाबाईनं आळीतल्या बाया गोळा केल्या आणि मासवड्या थापल्या. गाव रस्सा ओरपून, हात चाटत घरी गेलं.

आणि त्या आनंदाच्या भरात हौशीरामानं आजवर न केलेली गोष्ट केली. सुनेची मदत न घेता, एकट्यानं, सगळ्या इर्जिकीचा व्हिडिओ काढला आणि चॅनेलवर टाकला. त्यात चिमाजी कॅमेऱ्यापुढं छाती काढून नीट समजावून सांगत होता, की जाहिरात कशी दाबायची, किती वेळात मागं यायचं आणि पुन्हा कशी दाबायची.

श्रेया कळंबहून आली. व्हिडिओ बघून ती मटकन खाली बसली.

"म्या टाकला," हौशीराम म्हणाला. "एकट्यानं. जमलाय का?"

"जमलाय, मामा," ती म्हणाली. त्याचा चेहरा बघून तिला पुढं बोलवेना.

दोन-चार दिवसांत कंपनीचा मेल आलाच. जाहिरातींवर खोटी दाबादाबी झाली आहे, म्हणून कमाई थांबवली आहे. काही सांगायचं असेल तर कळवा. पुन्हा असं झालं तर चॅनेलची कमाई कायमची बंद. श्रेयानं मराठीत करून सांगितलं, तसं हौशीरामाचं तोंड उतरलं.

"आमी चोर हाय, म्हनत्यात का?"

"चोर नाही, मामा. पण बघा ना, कुणी जाहिरात दाबली की माल विकणाऱ्याला वाटतं गिऱ्हाईक आलं, म्हणून तो पैसे मोजतो. इथं गिऱ्हाईक आलंच नाही. नुसती बोटं आली."

हौशीरामानं काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाला, "म्हंजी दुसऱ्याच्याच वावरात नांगर घातला आपुन. त्याला न इचारता."

श्रेयाचं म्हणणं, तो व्हिडिओ काढून टाकू आणि लिहू, की कुणी केलं आम्हाला माहीत नाही. व्हिडिओ काढून टाकायला तो कसाबसा तयार झाला, पण दुसऱ्या गोष्टीला नाही. "मग जेवाय कुनी घातलं? खोटं नगं लिहू. गाव माझं, जेवान माझं, चूक आमची. पुन्ना व्हनार न्हाई. असं लिही." श्रेयानं तसंच, इंग्रजीत, लिहून पाठवलं.

खरं कंपनीला कळवलं, आणि खोटं सांगितलं ते चिमाजीला. दुसऱ्या दिवशी किटली ठेवून तो बऱ्याच महिन्यांनी लगेच परत फिरला नाही. "कसं काय? आलं का भरघोस?" त्या आवाजातली आशा ऐकून हौशीरामाला खरं बोलायचा धीर होईना. "आलं की. पन कंपनीचं यंदा जरा मंद हाय."

झालं! मंद आहे म्हणजे जोर कमी पडला, असा चिमाजीनं अर्थ काढला. आठवडाभरातच कळंबहून श्रेयाच्या आईचा फोन आला. "अगं, येत्या रविवारी आमालाबी बोटं दाबायला सांगितल्यात. तुमच्या चिमाजी पाव्हण्यांनी निरोप धाडलाय. घाटघरपस्तोर निरोप गेलाय म्हनं!"

हौशीरामाच्या तोंडचं पाणी पळालं. बोलावं, तर आधीच कुढत असलेला चिमाजी पार मोडायचा. न बोलावं, तर रविवारी चॅनेलची कमाई कायमची जायची, आणि पुन्हा गोळ्यांसाठी पोराच्या तोंडाकडं बघायचं, पुन्हा "आज दुखत न्हाई" म्हणायचं. गाव त्याला मायेनंच बुडवायला निघालं होतं. त्यानं शनिवार तसाच काढला. धोंडाबाईनं दोनदा ताट वाढलं आणि दोनदा उचललं.

रविवारी सभामंडप ओसंडला होता. काहींनी तर चार्जरही आणले होते. हौशीराम पायरीशी उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, मोबाईल खाली ठेवा." मग त्यानं सगळं सांगितलं. मेल, खोटी गिऱ्हाइकं, बंद झालेली कमाई, आणि आज पुन्हा दाबलं तर काय होईल तेही. लपवालपवी केली नाही, आणि कुणाचं नावही घेतलं नाही.

चिमाजीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजी पुन्ना म्याच पाडला तुला," तो म्हणाला. "आदी पत्र्यावरनं. आता ह्यावरनं."

"पत्र्यावर म्या माझ्या पायानं चढलो व्हतो," हौशीराम म्हणाला. "आन् इर्जिकीचं जेवान म्याच घातलंय. तू कशाला सगळं तुझ्या डोक्यावर घेतूस?"

"मग आमी करायचं तरी काय? सांग की!"

"काय न्हाई. बघावंसं वाटलं तर बघा. न्हाई आवडलं, तर बंद करा. मला दुसरं काय नगं."

चिमाजी खाली मान घालून बोटं मोडत बसला. मग कसाबसा म्हणाला, "खरं सांगू का, हौश्या? म्या तुझा एकबी व्हिडिओ पुरा बघितलेला न्हाय. बोटं दाबायच्या नादात काय चाललंय त्याकडं ध्यानच न्हवतं." बाकीच्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग आपापल्या पायांकडं. सगळ्यांची तीच गत होती. अख्ख्या गावानं त्याच्यासाठी बोट झिजवलं होतं, पण तो काय सांगतोय हे एकानंही ऐकलं नव्हतं. हौशीरामाला ते मेलपेक्षा जास्त लागलं. तो काठी टेकत घरी गेला.

दुपारी चिमाजी दारात. दुधाची वेळ नव्हती, किटलीही नव्हती. ओट्याच्या कडेला बसून त्यानं मोबाईल काढला, चऱ्हाटाचा व्हिडिओ लावला आणि नाकाजवळ धरून शेवटपर्यंत बघितला. संपल्यावर म्हणाला, "पीळ सैल धरलास."

"आं?"

"पीळ सैल हाय. आन् खांबाला बांधून कुनी चऱ्हाट वळतं का? एक धरनारा लागतूय, एक वळनारा लागतूय. एकट्याचं काम हाय का ते?"

"मग तू कुटं व्हतास धरायला?" हौशीराम कडाडला.

चिमाजीनं मान वर केली आणि पडल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघितलं. "तू हाक कवा मारलीस?"

खरंच, हौशीरामानं जन्मात कुणाला हाक मारली नव्हती.

पुढचं चऱ्हाट त्याच गोठ्यात, त्याच पत्र्यांखाली वळलं गेलं. चिमाजी धरायला, हौशीराम वळायला, आणि दोघं सुरुवातीपासून भांडत होते. श्रेयानं त्यातलं काहीच कापलं नाही. लोकांना चऱ्हाटापेक्षा भांडण आवडलं असेल, पण ते शेवटपर्यंत थांबले. गावातलेही बघू लागले, आणि बघून चुका काढायला येऊ लागले. त्यातून नवे व्हिडिओ निघाले.

कंपनीनं कमाई पुन्हा सुरू केली ती बऱ्याच आठवड्यांनी. श्रेया ही बातमी घेऊन गोठ्यात आली तेव्हा तिथं चार-सहा म्हातारे बसले होते. खात्री करायला चिमाजीनं स्वतःच्या मोबाईलवर त्या दोघांचं चऱ्हाट लावलं आणि तो गव्हाणीवर टेकवून ठेवला. आधी जाहिरात आली. ट्रॅक्टरची होती. चिमाजीनं झटकन दोन्ही हात काखेत दाबून धरले. "कुनी हात लावू नका रं," तो कुजबुजला, आणि सगळे म्हातारे हात बांधून, श्वास रोखून, तो लाल ट्रॅक्टर शेतातून जाईपर्यंत बसून राहिले. मग चऱ्हाट सुरू झालं तशी पोटभर हसाहशी झाली.

चिमाजीच्या घरात ताटं मांडायची गडबड चालली होती. "जेवून जा," तो म्हणाला.

"घरी के..." हौशीरामाच्या तोंडात आलंच होतं. मग त्यानं काठी भिंतीला लावली आणि म्हणाला, "मला खाली बसता यायचं न्हाई. खुर्ची दे."

घरी आला तेव्हा धोंडाबाई पीठ मळत होती. "तिकडंच जेवलो," तो म्हणाला. तिनं हूं केलं आणि सवयीनं तवा चढवला. मग तिची नजर त्याच्या मिशीला लागलेल्या रश्शावर गेली, आणि तिनं तवा खाली उतरवला.